धनुबाईंची खाट आणि आप्पांचा ब्रेक

सुकलाल आप्पांची सायकल धनुबाईंच्या खाटेत घुसली, तेव्हा खाटेवर एकशे चाळीस बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होत्या. हा आकडा धनुबाईंचा. आप्पांच्या मते बिबड्या नव्वदच्या वर नव्हत्या आणि त्यातल्या निम्म्या आधीच तडकलेल्या होत्या. ते काही असो, ज्वारी भिजवायची, कुटायची, भल्या पहाटे तिचा घाटा शिजवायचा आणि एकेक बिबडी ओल्या फडक्यावर हाताने थापायची, हा दोन बायकांचा पूर्ण दिवसाचा घाम असतो. तो आप्पांनी एका चाकाखाली घातला होता.

सारंगखेड्यात तापीकडून वर येऊन गल्लीत उतरणारा जो रस्ता आहे, त्याच्या अगदी तोंडाशी धनुबाईंचं घर. त्यांच्या दारात ऊन चांगलं येतं, म्हणून खाट तिथे. आप्पांचं घर त्याच्या पुढे, एक सोडून. म्हणजे आप्पांना घरी यायचं तर धनुबाईंच्या खाटेला वळसा घालूनच यावं लागे, आणि त्यासाठी आधी वेग कमी करावा लागे. त्या दिवशी सायकलच्या ब्रेकची वायर तुटली.

"तुमले दिसं नही का?" धनुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"दिसं! सम्दं दिसं!" आप्पा खाटेच्या दोरीतून पाय सोडवत ओरडले. "वायर तुटनी! वायर तुटनी त्याले मी काय करू?"

"बसनी बी अशीच तुटे का?"

हा घाव नेमका बसला. आप्पांनी एस.टी.त एकतीस वर्षं ड्रायव्हर म्हणून काढली होती आणि एकतीस वर्षांत कोंबडीसुद्धा मारली नव्हती. त्याबद्दल मिळालेला विनाअपघात सेवेचा बिल्ला पुढच्या खोलीत दाराच्या बरोबर समोर खिळ्याला टांगलेला होता. पाहुणा आत आला की पाणी मिळायच्या आधी त्याला बिल्ला दिसे. दिसला नाही तर आप्पा त्याला खुर्ची बदलून बसायला लावत.

धनुबाई त्या दिवशी चार घरं ऐकतील एवढ्या आवाजात बोलल्या. आप्पा आठ घरं ऐकतील एवढ्या आवाजात बोलले. मग आप्पांच्या पत्नी गजराबाई बाहेर आल्या आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, "आयका. आते एक तर या सायकलले चांगला ब्रेक बसाडा, नही तं मी रूपचंदले बलावस आनि भंगारमा दी टाकस."

"मन्ही सायकल?"

"तुमनीच. येता रविवारे माले देखाडा. या उतारवरथून या आनि धनुबाईनी खाटना अलीकडे थांबा. थांबनात तं सायकल ऱ्हाई. नही थांबनात तं रूपचंद."

गजराबाईंनी हे म्हटलं खरं, पण सायकल जावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. आप्पा रिटायर झाले त्यानंतरचे दोन महिने त्यांना चांगले आठवत होते. त्या दोन महिन्यांत आप्पांनी स्वयंपाकघरातले डबे स्वतःच्या हिशेबाने लावले होते, कुकरची शिट्टी किती वेळाने व्हायला हवी ते घड्याळ लावून सांगितलं होतं आणि भाकरी थापताना मागे उभं राहून 'डावीकडं जाड शे' असं म्हटलं होतं. मग मुलगा भाग्येश नाशिकहून आला आणि चार दिवस चालवून कंटाळा आलेली आपली डोंगरी सायकल घरी टाकून गेला. आप्पा ती घेऊन सकाळी सहाला पुलाकडे निघत ते दहाला परत येत. सायकल गेली की ते चार तास पुन्हा घरात येणार होते. त्यामुळे ब्रेक लागावा अशी इच्छा गावात आप्पांपेक्षा जास्त कोणाची असेल तर ती गजराबाईंची होती.

आप्पांनी भाग्येशला फोन लावला आणि आधी त्याच्यावरच खेकसले. सायकल त्याची, म्हणजे वायरही त्याचीच.

"आप्पा, वायरवाला ब्रेक आते नकाच बसाडू," भाग्येश म्हणाला. "हायड्रॉलिक ल्या. तेलना दाबवर चालस. बजेटमा बी चांगला मियस. मी व्हिडिओ धाडस."

त्याने सतरा व्हिडिओ धाडले. आप्पांनी ओट्यावर बसून सतराच्या सतरा पाहिले आणि प्रत्येकागणिक त्यांचा पारा चढत गेला. डिस्क एकशे साठची की एकशे ऐंशीची, पॅड रेझिनचे की धातूचे, पिस्टन दोन की चार. एक माणूस सांगे की स्वस्तातला हाच घ्या. दुसरा सांगे की हा सोडून कुठलाही घ्या. आणि डोक्यावर हेल्मेट घातलेला तिसरा अर्धा तास बोलून शेवटी म्हणे, 'हे सगळं तुमच्या गरजेवर अवलंबून आहे.'

"मन्ही गरज थांबानी शे रे!" आप्पा मोबाइलवर ओरडले. "ब्रेक लेवाले कोन नाचाले येस का?"

खरं सांगायचं तर आप्पांचं चुकत नव्हतं. माणसाला थांबायचं असतं. थांबण्याचे एवढे प्रकार करून ठेवणाऱ्यांना एकदा त्या उतारावरून सोडायला हवं.

गुरुवारी आप्पा सायकल रिक्षाच्या टपावर बांधून शहाद्याला गेले. तिथे हस्तीमल शेठचं दुकान आहे. पुढच्या निम्म्या भागात हस्तीमल शेठ बादल्या, दोर आणि कुलुपं विकतात. मागच्या निम्म्या भागात त्यांचा मुलगा रिषभ गिअरच्या सायकली विकतो. रिषभने आप्पांसमोर तीन खोकी मांडली.

"हा सगळ्यात स्वस्त, आप्पा."

"कोन्ही कंपनीना?"

"कंपनी नाही लिहिलेली. खोक्यावर फक्त 'ब्रेक' लिहिलंय."

"आनि हाऊ तिसरा?"

"तो एकदम भारी. पण तुमच्या सायकलपेक्षा महाग आहे."

"मंग देखाडस कशाले? मन्ही थट्टा करी ऱ्हायना का?"

"देखाडावं लागतं आप्पा, म्हणजे मग मधला घेतात," रिषभ प्रामाणिकपणे म्हणाला.

आप्पांनी दोन तास घेतले. गजराबाईंनी तीन हजारांच्या वर जायचं नाही असं बजावलं होतं, त्यात मधला बसत होता, पण रिषभने आपल्याला मधला घ्यायला लावलं हा राग आप्पांना मधला घेऊ देईना. त्यांनी पहिला उचलला, हँडल दाबून पाहिलं, ठेवला. तिसरा उचलला, ठेवला. एकदा उठून रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी हस्तीमल शेठ कुलुपांच्या ढिगामागून म्हणाले, "सुकलालभाऊ, सस्ताही लेनेका. मगर ऐसा सस्ता, जिसका पॅड शहादेमें मिले."

हे आप्पांना पटलं. एकतीस वर्षांत ज्या गाडीचा सुटा भाग डेपोत मिळत नाही ती गाडी डेपोतच उभी राहते, हे त्यांनी पाहिलं होतं. मधल्याचे पॅड शहाद्यात मिळत होते. त्यांनी मधला घेतला, आणि तो जणू त्यांनीच शोधून काढला होता अशा थाटात रिषभच्या हातात दिला.

रिषभने जुना ब्रेक काढला, नवा बसवला, काळ्या नळ्या फ्रेमला बांधल्या. मग फडक्याने हात पुसून म्हणाला, "आता नीट ऐका, आप्पा. याचं तेल नळीच्या आत असतं. बाहेर डिस्कवर, म्हणजे चाकाच्या या चकतीवर, एक थेंबसुद्धा पडायला नको. बोटसुद्धा लावू नका. घरात पण सगळ्यांना सांगून ठेवा की…"

"तू माले ब्रेक शिकाडस?" आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुन्हा जल्म झाया नही व्हता तैपासून मी तोरणमायना घाटमा ब्रेक दाबी ऱ्हायनू! पंचावन सीट भरीसन!"

"नाही, मी फक्त घरच्यांना…"

"घरना लोकेसले मी सांगसू काय सांगानं ते!"

त्यांनी घरी काहीही सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी रिषभने सांगितल्याप्रमाणे आप्पांनी पुलाच्या रस्त्यावर पंचवीस वेळा वेग घेतला आणि पंचवीस वेळा हळूहळू ब्रेक दाबला, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसावेत. शेवटच्या पाच वेळा तर एका बोटाने सायकल जागच्या जागी थांबली. आप्पा पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून तिच्याकडे बघत राहिले. त्या वेळी कोणी जवळ नव्हतं, त्यामुळे त्यांनी हसूनही घेतलं.

रविवारी सकाळी मात्र त्यांना आठवलं की पूजा राहिली.

"पूजा कर," त्यांनी गजराबाईंना फर्मावलं. "पूजा करानाबिगर मी कधी नवी गाडी डेपोना बाहेर काढी नही. आनि नुसतं हँडलले कुंकू लावीसन मोकयी व्हऊ नको. ब्रेकनी पूजा कर. परीक्षा ब्रेकनी शे."

एवढं सांगून ते नारळ आणायला दुकानावर गेले.

गजराबाई ताट घेऊन सायकलपाशी बसल्या. बसचा ब्रेक चाकाच्या पोटात असतो, तिथे देवाचाही हात पोहोचत नाही. सायकलचा ब्रेक उघड्यावर. चाकाच्या मधोमध लखलखीत, भोकाभोकांची गोल चकती, आणि तिला चिमटीत धरणारा काळा ठोकळा. गजराबाईंनी चकतीवर कुंकू लावलं. पोलाद गुळगुळीत, कुंकू भुरभुर खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. त्यांच्या मनात चर्र झालं. कुंकू टिकत नाही म्हणजे काय? आजच्या दिवशी?

त्या उठल्या आणि गोड्या तेलाची वाटी घेऊन आल्या. आधी तेलाचं बोट, मग कुंकू. आता कसं घट्ट बसलं! मग त्यांनी चकती फिरवत फिरवत सगळीकडून तेलाचं बोट ओढलं, त्यावर स्वस्तिक काढलं, मागच्या चाकालाही तसंच केलं. काळ्या ठोकळ्याला मधे एक फट होती. ब्रेक बहुतेक तिथूनच लागत असावा, असं त्यांना वाटलं. म्हणून त्या फटीत दोन थेंब जास्तीचे सोडले आणि हात जोडून म्हणाल्या, "थांब रे बाबा. त्यासले घरमा नको बसाडू."

ब्रेकची एवढ्या मनापासून पूजा आजवर कोणी केली नसेल. आप्पा नारळ घेऊन आले, दोन्ही चकत्यांवरचं लालभडक कुंकू त्यांनी पाहिलं आणि नारळ फोडला. कुंकवाखाली काय आहे ते दिसत नव्हतं.

"आते कशी दिसी ऱ्हायनी," ते म्हणाले आणि सायकल हातात धरून उताराच्या माथ्याकडे चालत गेले.

गल्ली जमली होती. धनुबाईंनी नव्या बिबड्या घातल्या होत्या आणि खाट तसूभरही हलवली नव्हती. "ब्रेक चांगला शे ना?" त्या म्हणाल्या. "मंग मी खाट काब्रं हालाडू?" त्यांचा मुलगा नवलसिंग मोबाइल उभा धरून तयार होता.

आप्पा निघाले. निम्मा उतार त्यांनी मुद्दाम मोकळा सोडला, कारण परीक्षा द्यायची तर खणखणीत द्यायची. मग ऐटीत एक बोट ब्रेकवर टेकवलं.

असा काही आवाज झाला की गल्लीतली सगळी कुत्री एकदम उठली. कढईच्या बुडाला कोणी उलथनं घासावं तसा, पण दहा पट. सायकल मात्र थांबली नाही. आप्पांनी दोन बोटं लावली. आवाज वाढला. चार बोटं लावली. आवाज इतका वाढला की धनुबाईंनी कानांवर हात ठेवले. सायकलचा वेगही वाढला.

"सरका! सरका!" आप्पा गरजले.

एकतीस वर्षांचा अनुभव इथे कामाला आला. खाट हातभर उरली असताना आप्पांनी हँडल डावीकडे मारलं, खाटेच्या पायाला नखभरही न लागता निसटले, धनुबाईंच्या तोंडून 'वाचनी!' निघालं, आणि सायकल आप्पांच्याच घराशेजारच्या बोळात शिरली. बोळ संपतो तिथे त्यांचं मागचं अंगण आहे. मागच्या अंगणात खाट होती. त्या खाटेवर गजराबाईंनी तीन दिवस खपून केलेल्या एकशे चाळीस बिबड्या वाळत होत्या, मोजून एकशे चाळीस, कारण धनुबाईंना नुकसानभरपाई म्हणून त्या आजच द्यायच्या होत्या.

गल्ली बोळातून मागे धावली. आप्पा खाटेच्या मधोमध बसले होते. खांद्यावर बिबडीचा तुकडा होता आणि डोळे लाल झाले होते.

धनुबाईंनी सगळा प्रकार समजून घेतला. मग म्हणाल्या, "म्हन्जे पहिल्या बी मन्ह्याच गयात, आनि आते ह्या बी मन्ह्याच गयात!"

आप्पा उठले ते सायकल उचलून थेट रिक्षाकडे. "फसाडं! त्यानी माले फसाडं! बजेटना नाववर कचरा गयामा बांधा! आते त्याले मी सोडत नही." आणि आश्चर्य म्हणजे गजराबाईंनी त्यांना थांबवलं नाही. पदर खोचून त्याही रिक्षात बसल्या. "मी बी येस," त्या म्हणाल्या. "माले बी दोन शब्द बोलानं शे त्या दुकानदारले. माणूस मरी जाता आज!"

शहाद्यापर्यंत आप्पा बोलत होते. दुकानात शिरल्यावर तर बांधच फुटला. रिषभला, त्याच्या खोक्यांना, ती खोकी बनवणाऱ्या कंपनीला आणि व्हिडिओतल्या हेल्मेटवाल्याला त्यांनी ओळीने झोडपून काढलं. गजराबाई प्रत्येक वाक्याला "हाऊ नं मंग!" म्हणत होत्या. बादली घ्यायला आलेली एक बाई बादली न घेता निघून गेली.  रिषभ सायकलपाशी उकिडवा बसला, चकतीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि ते नाकाशी नेलं.

"आप्पा," तो म्हणाला, "हे तर गोडं तेल आहे."

"कोठे?"

"डिस्कवर. आणि पॅडवर तर जास्तच. पॅडांनी पिऊन घेतलंय सगळं." त्याने दोन्ही पॅड काढून तळहातावर ठेवले. ते तळलेल्या भज्यासारखे चमकत होते. "हे आता कसे लागणार? मी तुम्हाला सांगितलं होतं. एक थेंब पण नको, घरात सांगून ठेवा. कोणी लावलं हे?"

"कोन्ही लावं?" आप्पा कडाडले, आणि ज्याने कोणी लावलं त्याला जागच्या जागी फाडून खायला गर्रकन वळले.

मागे फक्त गजराबाई होत्या.  उजव्या हाताच्या मधल्या बोटाकडे बघत होत्या. बोट अजून लाल होतं. ते त्यांनी हळूच पदरात लपवलं. नवऱ्याचा राग त्यांनी पस्तीस वर्षं पाहिला होता, त्याला त्या घाबरत नव्हत्या. पण दुकानात, चार लोकांत, आपल्याच हाताने आपण नवऱ्याला खाटेत घातलं हे कळल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. शब्द आलेला होता, फक्त बाहेर पडायचा होता. तो त्यांनी गिळला. गिळताना गळ्याची गाठ वर-खाली झालेली हस्तीमल शेठनी सुद्धा पाहिली.

"मी," आप्पा म्हणाले.

"तुम्ही?" रिषभचा विश्वास बसेना. "आप्पा, तुम्ही ड्रायव्हर माणूस. तुम्ही ब्रेकला तेल लावलं?"

"हां, मी! मी लावं! पूजा करी मी!" आता मात्र ते पहिल्यापेक्षाही जोरात ओरडले. "मन्हा ब्रेक, मन्हं तेल, तुले काय करनं शे? नवा पॅड टाक आनि गप बठ! मन्ही चूक झायी! झायी चूक! आयकू उनं का, का आखो सांगू?"

चूक कबूल करायची आप्पांना सवय नव्हती, त्यामुळे ती त्यांनी भांडणासारखीच केली. रिषभने निमूटपणे स्पिरिटने चकत्या पुसल्या आणि नवे पॅड टाकले. हस्तीमल शेठनी चहा मागवला. 

गल्लीत धनुबाई वाटच बघत होत्या. "काय निंघनं, आप्पा?"

"मीच तेल लावं व्हतं," आप्पा रिक्षातून उतरता उतरता म्हणाले. "चूक मन्ही."

धनुबाईंना हे अनपेक्षित होतं, पण त्यांनी संधी वाया घालवली नाही. "अरे देवा! ब्रेकले तेल लावनारा ड्रायव्हर! मंग एकतीस वरीस बस कशी चालाडी? बठनारासना नशीबवर?"

गल्ली हसली. नवलसिंगने व्हिडिओ आधीच चार ग्रुपवर टाकला होता, आता त्याखाली कारणही टाकलं. आप्पा घरात गेले. पुढच्या खोलीत खिळ्यावरून बिल्ला काढला, रुमालात गुंडाळला आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. गजराबाईंनी ते दारातून पाहिलं.

पुढच्या रविवारी पूजेशिवाय परीक्षा झाली. सायकल धनुबाईंच्या खाटेपासून दोन हातांवर थांबली, आवाज नाही की काही नाही. पण बघायला पाचसहा जणच होते आणि त्यातला एकजण म्हणाला, "आज तेल सरी गयं वाटस." सायकल राहिली. सकाळचे चार तास वाचले. मात्र आप्पा घरात ओरडेनासे झाले. भाकरी डावीकडे जाड झाली तरी ते बोलेनात. गजराबाईंनी एकदा मुद्दाम जाड केली, तरी त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली. त्या दिवशी मात्र गजराबाईंना रडू आलं.

पाडव्याला नवलसिंगने नवी मोटारसायकल आणली. धनुबाईंच्या दारात रांगोळी, हार, पेढे, सगळी गल्ली गोळा. गजराबाई नारळ घेऊन धनुबाईंच्या शेजारी उभ्या होत्या. आप्पा आपल्या ओट्यावर वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते, कारण मोटारसायकलीचं नाव निघालं की कोणीतरी त्यांच्याकडे बघून 'तेल लावा रे' म्हणतच होतं.

धनुबाईंनी दिव्याला कुंकू लावलं, टाकीला लावलं. मग पुढच्या चाकाची लखलखीत चकती त्यांना दिसली. तिथेही लावलं. भुरभुर खाली पडलं. "आय वं, टिकत नही," असं म्हणून त्यांनी सरळ ताटातल्या तेलाच्या वाटीत बोट बुडवलं.

आप्पांनी वर्तमानपत्र फेकलं आणि ओट्यावरून उडी मारली. पण त्यांच्या आधी गजराबाईंनी धनुबाईंचं मनगट पकडलं होतं.

"तठे नको, धनुबाई! तेल लागनं का ब्रेक लागत नही. पोऱ्या मरी तुन्हा!"

"तुले काय माहीत?"

गजराबाईंनी एकदा आप्पांकडे पाहिलं. मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माले माहीत शे. सायकलले मीच लावं व्हतं. त्यासनी नही. कुंकू टिकत नव्हतं म्हनीसन मी लावं. त्यासले तं माहीतच नव्हतं."

 धनुबाईंच्या बोटावरून तेलाचा थेंब रांगोळीत पडला. मग सगळ्या माना एकदम आप्पांकडे वळल्या. नवलसिंगने मोबाइल खाली केला.

"मंग आप्पा," धनुबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही का बरं सांगं का मी लावं?"

आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. महिनाभर साठलेला सगळा राग एकदम वर आला.

"भाग्येशनी माय!" ते गरजले. "सम्दा जल्ममा एक खोटं बोलनू मी! एक! महिनाभर लोकेसना हासा आयका! पोऱ्यासोऱ्यासनी थट्टा सोसी! आनि तू ते सम्दं आठे रस्तावर सांडी दिधं? इचारानं तरी माले एकदाव!"

"पोऱ्या मरता ना मंग!"

"मी सांगतू ना त्यासले! मी उठनूच व्हतू! मी सांगतू का तेल लावू नका, आनि तुन्हं नावबी नही निंघतं! पन तुले दम कोठे शे!"

ते तसेच पाय आपटत गेले, सायकल काढली आणि भर दुपारी पुलाकडे निघून गेले. जाताना धनुबाईंच्या खाटेला वळसा घातला. धनुबाई लगबगीने पुढे झाल्या आणि त्यांनी आपण होऊन खाट भिंतीकडे सरकवली.

आप्पा तासाभराने परतले, घामाघूम, तोंडाने अजून पुटपुटत. पुढच्या खोलीत शिरले आणि थबकले. बिल्ला पुन्हा खिळ्यावर होता, दाराच्या बरोबर समोर. मधोमध कुंकवाचा टिळा होता. बिल्ला गुळगुळीत, कुंकू टिकायचं नाही, म्हणून त्याखाली आधी तेलाचं बोट लावलेलं होतं. तेलाचा एक ओघळ एस.टी.च्या अक्षरांवरून खाली आला होता.

"पुन्हा तेल!" आप्पा खवळले आणि रुमाल काढून पुसायला धावले.

"पुसू नका," स्वयंपाकघरातून आवाज आला. "त्याले कोठे थांबनं शे?"

आप्पांनी हात मागे घेतला.  मग ताटावर जाऊन बसले, पहिली भाकरी हातात घेतली, उजेडात उलटसुलट करून पाहिली आणि दोन घरं सहज ऐकतील एवढ्या आवाजात म्हणाले, "डावीकडं जाड शे!"

गजराबाईंनी चुलीसमोर पाठमोऱ्या बसून पुढची भाकरी थापायला घेतली. हसू मात्र त्यांनी पदराने पुसलं.